गाईवर लिहिलेला चेक वटेल का?

इंग्लंडमधल्या एका वैतागलेल्या करदात्यानं आयकर अधिकाऱ्याच्या कचेरीत एक पांढरी गाय नेऊन उभी केली. गाईच्या अंगावर लाल शाईत बँकेला आदेश लिहिला होता : या अधिकाऱ्याला 57 पौंड द्यावेत. हाच माझा चेक, घ्या, असं त्याचं म्हणणं. अधिकाऱ्यानं गाय घ्यायचं नाकारलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. गाय चेकसारखी क्रॉस केलेली होती का (म्हणजे पैसे थेट हातात न देता खात्यातच जमा व्हावेत म्हणून दोन रेघा मारलेली), याचीही न्यायाधीशांनी चौकशी केली. शेवटी निकाल करदात्याच्या बाजूनं लागला, कारण चेक कागदावरच हवा असं कायदा कुठंच म्हणत नाही.

हा खटला कधी झालाच नाही. 'पंच' या ब्रिटिश साप्ताहिकात ए. पी. हर्बर्ट यांनी लिहिलेल्या काल्पनिक खटल्यांपैकी तो एक. हर्बर्ट कायदा शिकले होते, वकिलीची सनद त्यांनी घेतली होती, पण वकिली मात्र कधी केली नाही. तरीही ही गोष्ट खरी घडलेली म्हणून अनेकांनी सांगितली आणि अजूनही सांगतात. त्यात नवल नाही, कारण गाय खोटी असली तरी तिच्या पाठीवरचा कायदा बराचसा खरा आहे.

बराचसा, पूर्ण नाही. या विषयावर वाद घालताना लोक तीन प्रश्न एकाच पिशवीत कोंबतात. गाईवर लिहिलेला मजकूर कायद्यानं चेक ठरतो का? ठरत असेल, तर बँकेनं तो वटवलाच पाहिजे का? आणि ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानं तो निमूट घ्यायलाच हवा का? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

पहिल्यापासून सुरुवात करू. चेक म्हणजे पैसे नव्हेत. चेक म्हणजे बँकेला लिहिलेली चिठ्ठी : माझ्या खात्यातून अमक्याला इतके पैसे द्या. सर मॅकेन्झी चाल्मर्स यांनी मसुदा केलेला इंग्लंडचा 1882चा कायदा याहून फार वेगळं काही सांगत नाही. आदेश लेखी हवा, बिनशर्त हवा, देणाऱ्याची त्यावर सही हवी, तो बँकेला उद्देशून हवा, रक्कम नक्की हवी आणि मागताक्षणी देय हवी. पैसे कुणाला द्यायचे, ते नाव हवं किंवा 'धारकाला' असं म्हणायला हवं. झालं. कागद हा शब्द या व्याख्येत शोधूनही सापडत नाही.

उलट बँकेनं छापलेल्या चेकवर सुरेख अक्षरात 'घराचं काम पुरं झालं असेल तर यांना पाच हजार द्या' असं लिहिलं, तर तो चेक राहत नाही. बँकेला आधी घर बघायला पाठवावं लागेल अशी शर्त त्यात आली. म्हणजे छापील कागद नापास होऊ शकतो आणि गाय पास. कायद्याची नजर मजकुरावर असते, तो कशावर लिहिलाय याकडे तिचं लक्ष कमीच.

हे विचित्र वाटतं, कारण चेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चेकबुक येतं. पण चेकबुक नंतर आलं. लंडनच्या मॉरिस आणि क्लेटन या पेढीवर काढलेला, 16 फेब्रुवारी 1659 ही तारीख असलेला 400 पौंडांचा चेक आजही जपून ठेवलेला आहे. तो पूर्ण हातानं लिहिलेला आहे, एखाद्या पत्रासारखा. बँक ऑफ इंग्लंडनं छापील नमुने 1717 साली आणले, तेही खोटे चेक रोखण्यासाठी. छापील चेक ही बँकांनी स्वतःच्या संरक्षणासाठी काढलेली युक्ती आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत ती कधी शिरली नाही.

त्याही आधी इंग्लंडच्या राजाचा खजिना लाकडावर चालत असे. हेझलच्या काठीवर रकमेप्रमाणे लहानमोठ्या खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची. एक फाळ एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. हिशेबाच्या वेळी दोन्ही जोडून बघायच्या. खाचा जुळल्या की व्यवहार खरा. राजाकडे पैसे नसले, की तो आपल्या धनकोला अशी काठी द्यायचा आणि धनको ती घेऊन कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊन वसुली करायचा. म्हणजे हा लाकडी चेकच की! ही पद्धत 1826 साली बंद झाली. साठलेल्या काठ्यांचं करायचं काय, हा प्रश्न 1834च्या ऑक्टोबरमध्ये संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत त्या जाळून सोडवण्यात आला आणि त्या आगीत संसदेची इमारतच भस्मसात झाली. लेखी पुराव्याची विल्हेवाट लावताना इतका खर्च क्वचितच कुणाला आला असेल.

त्याच 1826 साली लंडनच्या कोर्टापुढे एक साधा दिसणारा प्रश्न आला. एका वचनचिठ्ठीच्या पाठीवर, ती पुढच्या माणसाच्या नावे करताना, शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं. हे 'लेखी' म्हणायचं का? पेन्सिलीचं पुसलं जातं, बदलता येतं, असा आक्षेप होता. कोर्टानं तो मानला नाही. कायदा लेखी म्हणतो, शाईनं लिहिलेलं म्हणत नाही. लिहायचं साधन कोणतं हे त्यानं ठरवलेलं नाही. गाईच्या गोष्टीचा खराखुरा पाया शोधायचा तर तो या पेन्सिलीत आहे.

'लेखी' या शब्दाची अमेरिकी व्याख्या आणखी ऐसपैस आहे. तिथल्या एकसमान व्यापारी संहितेनुसार छपाई, टंकलेखन किंवा हेतुपूर्वक स्पर्शगोचर रूपात उतरवलेलं काहीही म्हणजे लेखन. भारतातला 1897चा सर्वसाधारण कलमांचा कायदा शब्द दृश्य रूपात मांडण्याच्या सगळ्याच पद्धतींना लेखनात धरतो, आणि चेकची तिथली 1881ची व्याख्या इंग्लंडच्या व्याख्येची सख्खी बहीण आहे. (त्या कायद्याचं मराठी नाव 'परक्राम्य संलेख अधिनियम'. त्यापेक्षा गाय समजायला सोपी.)

कोर्टं हा ऐसपैसपणा नुसता बोलून दाखवत नाहीत. 1948 साली कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एक शेतकरी स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली अडकला. आपण वाचत नाही असं वाटून त्यानं खिशातल्या चाकूनं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर एक ओळ कोरली : या भानगडीत मी मेलो तर सगळं बायकोला. खाली सही. तो पुढं दगावला आणि कोर्टानं ते मडगार्ड मृत्युपत्र म्हणून मान्य केलं. मृत्युपत्राचा कायदा वेगळा, चेकचा वेगळा, हे खरं. पण 'लेखी' म्हणजे काय या प्रश्नाला उत्तर तेच मिळालं. पत्र्यावर कोरलेलंही लेखीच.

आणि नेमकं पत्र्यावरच चेकचं घोडं अडतं. कोणत्याही पदार्थावर चेक चालतो, या विधानाला इंग्लंडमध्ये एक गमतीदार अपवाद आहे : धातू. खासगी लोकांनी धातूच्या बिल्ल्यांना पैशासारखं फिरवू नये म्हणून तिथल्या नाण्यांच्या कायद्यानं, आधी 1870च्या आणि नंतर 1971च्या, एक बंदी घातली. धातूचा असा कोणताही तुकडा, ज्यावर लिहिलेली किंमत मागण्याचा हक्क तो बाळगणाऱ्याला असल्याचं दाखवलंय, सरकारी परवानगीशिवाय काढायचा नाही. चेक म्हणजे तरी दुसरं काय असतं? म्हणूनच या विषयावरचे जुने इंग्रजी ग्रंथ कापड, चामडं, चर्मपत्र असं काहीही चालेल म्हणतात आणि लगेच पुस्ती जोडतात : धातू सोडून. गाय चालेल, पितळेची गाय चालणार नाही. हर्बर्टना हे सुचलं असतं तर गोष्ट आणखी रंगली असती.

युरोपातल्या बऱ्याच देशांत दुसरीच अट आहे. 1931च्या जिनिव्हा कराराप्रमाणे तिथले चेकचे कायदे एकसारखे झाले आणि त्यांत पहिलीच अट अशी, की मजकुरात 'चेक' हा शब्द, ज्या भाषेत चेक लिहिलाय त्या भाषेत, आलाच पाहिजे. त्यामुळे इंग्लंडमध्ये चेक ठरलेली गाय खाडी ओलांडून फ्रान्समध्ये गेली, तर अंगावर तो एक शब्द नाही म्हणून बाद होईल. कागदाची सक्ती तिथंही व्याख्येत नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, चेक ठरू शकतो. इथपर्यंत येऊन लोक थांबतात आणि पैज जिंकल्यासारखे बघतात. पण बँकेच्या खिडकीशी गेल्यावर 'हा वैध चेक आहे' या वाक्याला फारशी किंमत राहत नाही.

कारण बँक चेक वटवते ती कराराखातर. खातेदार आणि बँक यांच्यात करार असतो : तू पैसे ठेव, तू लेखी सांगशील त्याला मी ते देईन. या करारात बँक आपल्या अटी घालू शकते. आमच्याच छापील नमुन्यावर सांगितलंस तर देईन, ही त्यातली एक. खातं उघडताना आपण न वाचता ज्या नियमावलीवर सही करतो, तिच्यात अशी अट सहसा असतेच. अमेरिकी संहिता तर उघडच म्हणते, की चेक योग्य रीतीनं देय ठरतो तो खातेदारानं अधिकृत केलेला असेल आणि बँकेशी झालेल्या कराराला धरून असेल तेव्हा. करारात नमुन्याची अट असेल, तर नारळावर लिहिलेला चेक परत पाठवणाऱ्या बँकेला कोणी दोष देऊ शकत नाही. चेक वैध, आणि तो नाकारणंही वैध.

अट मात्र खरोखर घातलेली असायला हवी, गृहीत धरून चालत नाही. यावर 1960च्या दशकात वेस्टमिन्स्टर बँकेविरुद्ध गाजलेला एक खटला आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात गाईपेक्षा तोच जास्त शिकवतो. एका गृहस्थांची त्या बँकेच्या दोन शाखांत खाती होती. पहिल्या शाखेनं त्यांना नव्या पद्धतीचं, चुंबकीय शाईचं चेकबुक दिलं. त्यांनी त्यातल्याच एका चेकवर शाखेचं नाव पेननं खोडलं, दुसऱ्या शाखेचं लिहिलं आणि सही केली. नंतर विचार बदलला म्हणून दुसऱ्या शाखेला चेक थांबवायला सांगितलं. पण यंत्राला पेननं लिहिलेलं दिसतच नव्हतं! त्यानं खालची चुंबकीय अक्षरं वाचली आणि पहिल्या शाखेतून पैसे देऊन टाकले. बँक म्हणाली, हे चेक त्याच खात्यासाठी वापरले जातील असं आम्ही चेकबुकाच्या मुखपृष्ठावर छापलं होतं. कोर्ट म्हणालं, तेवढ्यानं जुन्या खातेदारावर नवी अट लादता येत नाही. बँक हरली. माणसानं पेननं लिहिलेला आदेश यंत्राच्या शाईपेक्षा वरचढ ठरला.

व्यवहारात मात्र त्या यंत्रानंच गाईला हाकललं. चेकच्या तळाशी जे विचित्र ठोकळेबाज आकडे दिसतात, ते अमेरिकेत 1950च्या दशकात, बँकांवर चेकचा महापूर आलेला असताना जन्माला आले. शाईत लोहाचं ऑक्साइड असतं. यंत्र आधी अक्षरांना चुंबकत्व देतं आणि मग प्रत्येक अक्षराच्या आकारानुसार उमटणारा विद्युतसंकेत ओळखतं. लिपीत अक्षरं फक्त चौदा : दहा अंक आणि चार खुणा. वर सही पडली, शिक्का पडला, तरी यंत्राचं वाचन अडत नाही. या पद्धतीनं चेक झपाट्यानं वेगळे करता येऊ लागले, पण त्यासाठी चेकची लांबी, रुंदी, जाडी ठरलेली हवी आणि तळाची पट्टी मोकळी हवी. रुमाल यंत्रात अडकतो. गाईचं तर बोलायलाच नको.

पुढं कागदाचा प्रवासही थांबला. 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतली विमानं जमिनीवर थांबली आणि त्यांबरोबर एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारे चेकही. त्या धक्क्यानंतर तिथं 2003 साली कायदा झाला, तो पुढच्या वर्षी अमलात आला, आणि मूळ चेकऐवजी त्याच्या प्रतिमेवरून काम चालवण्याचा मार्ग खुला झाला. ब्रिटनमध्ये प्रतिमेवर आधारलेलं क्लिअरिंग, म्हणजे बँकाबँकांतली चेकची देवघेव, 2017च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. भारतात अशाच प्रतिमांवरच्या क्लिअरिंगसाठी ठरवलेलं 'सीटीएस-2010' हे चेकचं मानक जलचिन्हापासून अदृश्य शाईतल्या बोधचिन्हापर्यंत सगळं नेमून देतं. चेक कशावर लिहावा हे कायद्यानं मोकळं सोडलं होतं, ते क्लिअरिंगच्या नियमांनी मिलिमीटरपर्यंत बांधून टाकलं.

यंत्रात न बसणारा चेक अगदीच मेला असंही नाही. तो हातानं, वेगळा, थेट संबंधित बँकेकडे वसुलीसाठी पाठवता येतो. वेळ जास्त लागतो, बँका वेगळं शुल्क घेऊ शकतात, आणि पलीकडच्या बँकेची तयारी लागते. प्रसिद्धीसाठी कुणी टरबुजावर किंवा फळीवर चेक लिहून तो वटवल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा बहुतेक वेळा बँक त्या गमतीत आधीपासून सामील असते. खातेदार आणि बँक दोघंही राजी असले की कायदा मध्ये पडत नाही.

विचित्र पदार्थावर चेक लिहिणाऱ्यानं एका धोक्याकडे जरूर बघावं. 1918 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापुढे, एक प्रकरण आलं. कारकुनानं दोन पौंडांचा चेक सहीला आणला. आकड्याच्या मागंपुढं जागा मोकळी, अक्षरी रक्कम कोरी. मालकानं घाईत सही केली. कारकुनानं त्याचे 120 पौंड केले, पैसे काढले आणि पसार झाला. भुर्दंड मालकाला, कारण चेक असा लिहावा की त्यात सहज फेरफार होणार नाही, हे कर्तव्य खातेदाराचं. आता विचार करा, पाटीवर खडूनं लिहिलेला चेक. पेन्सिलही कायदेशीर आहे, पण पुसल्या गेलेल्या शून्याची किंवा वाढवलेल्या शून्याची जबाबदारी लिहिणाऱ्याच्या गळ्यात येऊ शकते.

तिसरा प्रश्न सगळ्यात लवकर मिटतो. देणेकऱ्यानं पुढं केलेला चेक, मग तो उत्तम कागदावरचा का असेना, धनकोनं घेतलाच पाहिजे असं नाही. चेक हे कायदेशीर चलन नाही. घेतला तरी ती सशर्त फेड. वटला तर देणं फिटलं, परत आला तर देणं जसंच्या तसं. म्हणजे त्या आयकर अधिकाऱ्यानं गाय नाकारली त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. गोष्टीतल्या कोर्टानं त्याच्यावर अन्यायच केला.

मग चेक वैध ठरण्याचा उपयोग कुणाला? ज्यानं तो घेतला त्याला. ही बाजू गंमत करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. समजा तुम्ही कुणाकडून जुनी सायकल घेतली आणि हसत हसत पेपर नॅपकिनवर लिहून दिलंत : अमक्या बँकेनं यांना इतके द्यावेत, खाली सही. नॅपकिन त्याच्या हातात गेला. बँकेनं तो नमुन्यात नाही म्हणून परत केला. आता तुम्ही 'अहो, तो नॅपकिन होता' म्हणून सुटाल? अवघड आहे. सही करून, देण्यापोटी, हातात दिलेला चेक आहे तो. न वटलेल्या चेकबद्दल तो तुमच्यावर दावा लावू शकतो आणि पुरावा म्हणून नॅपकिनच कोर्टात सादर करेल. कागदाचा आग्रह न धरणारा कायदा लिहिणाऱ्याला मोकळीक देतो, तसाच बांधूनही ठेवतो. समारंभात मिरवतात त्या दारभर आकाराच्या चेकवर बँकेचं नाव, रक्कम आणि खातेदाराची खरी सही असेल, तर तीच गोष्ट त्यालाही लागू. म्हणून तो फलक शोभेचाच ठेवतात आणि खरे पैसे वेगळे देतात.

राहता राहिली गाय. समजा बँक राजी झाली, तर पुढं? 1882च्या कायद्याप्रमाणे पैसे मागताना चेक दाखवायचा, म्हणजे गाय खिडकीपर्यंत न्यायची. दुसऱ्याच्या नावे करायची तर सही चेकवरच हवी, म्हणजे गाईच्या अंगावर जागा शोधायची; जागा संपली तर जोडपट्टी चिकटवायला कायद्यानं मुभा आहे. पैसे मिळाले की चेक ते देणाऱ्या बँकेच्या हवाली करायचा, म्हणजे गाय बँकेत राहिली. वाटेत हरवली, तर तशीच दुसरी लिहून मागण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. आणि पूर्वी वटलेले चेक हिशेबासोबत खातेदाराकडे परत पाठवायची रीत होती, त्यामुळे महिनाअखेरीला ती आपल्या मालकाच्या दारात हंबरत उभी राहिली असती. आता फक्त छायाचित्र पुढं जातं. मूळ चेक जमा करणारी बँक ठरावीक काळ सांभाळते आणि मग नष्ट करते, हे मात्र गाईला कुणी सांगू नये.